कुंकू लावलेली मशिनं

भाद्रपदातल्या एका गुरुवारी माझी बायको कॉलेजातून घरी आली. तिनं पर्स खुंटीला अडकवली. पाणी प्याली. खाटेवर बसली. म्हणाली, "जरा पाठीवरून हात फिरवा." मी फिरवला. मग ती कलंडली. शेजाऱ्यांनी जीप काढली. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि ती वाटेतच गेल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चौसाळ्याला, माझ्या गावी, तिला माती दिली. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. खड्ड्यात बसवतात, कपाळाला भस्म लावतात, बेलाची पानं आणि मीठ घालतात. माझ्या थोरल्या भावाचं गावात किराणा दुकान आहे. मीठ दुकानातूनच आलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच पोत्यांच्या थप्पीला टेकून ती वहिनीशी तासन् तास बोलत बसली होती. माणसं पोतं खांद्यावरून उतरवत होती तेव्हा मला दुसरं काही आठवलं नाही, एवढंच आठवलं.

बायका म्हणत होत्या, "भाग्याची गं, भरल्या कपाळानं गेली." एकमेकींना सांगत होत्या, पण मला ऐकू येईल अशा बेतानं. मला बरं वाटावं म्हणूनच ते होतं. त्या बोलण्याचं मी काय करायचं ते मात्र मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

आमच्यात सुतक मानत नाहीत. दोन-चार दिवसांत मी कामावर गेलो असतो तर घरच्यांनी अडवलं नसतं. पण कॉलेजातली बहुतेक माणसं सुतक पाळणाऱ्या घरांतली. तिथून फोन आला, "सर, तेरावं झाल्याबिगर येऊ नका. बरं दिसत न्हाई." मी नेकनूरला, कॉलेजच्या गावी, परत आलो आणि आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत बसून राहिलो. ज्या सुतकावर माझा विश्वास नाही ते मी पाळलं, कारण ते मोडायला बाहेर पडावं लागलं असतं.

मी कॉलेजात ग्रंथपाल. ती संगणकाची शिक्षिका आणि लॅबची प्रमुख. प्रमुख म्हणजे तिच्या हाताखाली फक्त एक मावशी, लॅब झाडणारी आणि कुलूप लावणारी. लॅब माझ्या ग्रंथालयाच्या बरोबर डोक्यावर आहे. वर खुर्ची सरकली की खाली छताला आवाज येतो. कोणत्या कोपऱ्यात आवाज झाला यावरून ती कुठं उभी आहे हे मला पुस्तकातून मान वर न करता कळायचं. आम्हाला मूल नाही. दिवसभर ती वर आणि मी खाली, आणि संध्याकाळी दोघं घरी, असा आमचा संसार होता.

त्या वर्षी श्रावणात तिनं एक काम अंगावर घेतलं होतं. बारावीच्या प्रात्यक्षिकांना लिनक्स लागायचं आणि टायपिंगच्या वर्गाला विंडोज. दोन्ही आपापल्या परीनं मशीन चालवणाऱ्या प्रणाली, पण एकीवरचं काम दुसरीवर होत नाही. म्हणून लॅबमध्ये निम्मी मशिनं एकीची, निम्मी दुसरीची अशी वाटणी होती. एका वेळी निम्मा वर्ग बसायचा, निम्मा भिंतीला टेकून उभा राहायचा. यात तिला सगळ्यात खुपायची ती दसऱ्यानंतरची गोष्ट. दसरा झाला की ऊसतोडीच्या ट्रका भरायला लागतात आणि वर्गातली कितीतरी पोरं आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. परीक्षेपुरती परत येतात. "त्यांना शिकायला दोन-अडीच महिनेच मिळतात," ती म्हणायची, "आणि त्यातलेबी निम्मे भिंतीला टेकून जातात." तिनं प्रत्येक मशीनवर दोन्ही प्रणाली टाकायचं ठरवलं. मग जो येईल तो कुठंही बसेल. प्राचार्यांनी खर्च नाही ना एवढं विचारलं आणि परवानगी दिली.

हे काम नेमकं काय असतं ते मी तिला एकदा भाकरी थापताना विचारलं.

"सोपं हाय. एका घरात दोन जावा नांदवायच्या," ती म्हणाली. घरात ती गावाकडचं बोलायची. "विंडोज ही थोरली. ती आधी आली पायजे. तिला सांगायचं, बाई, निम्मं घर रिकामं कर. ती कुरकुरती, पण करती. मग त्या रिकाम्या जागेत धाकटी आणायची, लिनक्स. धाकटी गुणाची. ती आली की दारावर पाटी लावती, थोरलीकडं जायचं का माझ्याकडं, इथं सांगा आणि आत या."

"आणि उलटं केलं तर? धाकटी आधी आणि थोरली मागून?"

"तर थोरली आल्या आल्या पाटी काढून फेकती. धाकटी घरातच असती, पण तिच्याकडं जायला दारच न्हाई." तिनं भाकरी उलटली आणि माझ्याकडं बघितलं. "तुमच्या वहिनीला सांगू नका हां, मी असं बोलले म्हणून."

लिनक्सची मशिनं पुसून तिनं आधी त्यांच्यावरही विंडोज टाकलं, म्हणजे थोरली सगळीकडं पहिली आली. पुढं एकेका मशीनला वेळ लागायचा. एका दिवशी जागा रिकामी करायची, पुढं कधीतरी दुसरी प्रणाली टाकायची, तेही तासांच्या मधल्या फटीत आणि लाइट असेल तेव्हा. कोणतं मशीन कुठवर आलं हे लक्षात राहावं म्हणून तिनं आधी त्यांच्यावर चिकटपट्ट्या लावल्या. पोरांनी त्या नखानं खरवडून काढल्या. मग पेनानं खुणा केल्या. पोरांनी शेजारी बदाम काढले. तेव्हा तिनं पर्समध्ये हळदीची आणि कुंकवाची अशा दोन डब्या टाकल्या. जागा रिकामी झाली की मशीनच्या डोक्यावर कोपऱ्यात हळदीचं बोट. दुसरी प्रणाली नीट बसली की हळदीवर कुंकू.

"याला कुणी हात लावणार न्हाई," ती म्हणाली, "बघा तुमी."

"मशिनांची लग्नं लावतेस का?"

"लावतीच हाय. एकेकाला दोन-दोन बायका करून देती."

आणि खरंच कुणी हात लावला नाही. पट्ट्या खरवडणारी, बदाम काढणारी तीच पोरं, पण हळदीकुंकवाच्या वाटेला एकही गेलं नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या ग्रंथालयात पुस्तकांवर लिहू नये म्हणून मी किती सूचना लावल्या होत्या. तिचा उपाय माझ्या सगळ्या सूचनांपेक्षा चांगला होता, हे मी तिला सांगितलंही. ती दोन दिवस त्यावरून मला चिडवत होती.

तेराव्यानंतर मी कामावर रुजू झालो. लॅब बंद होती. तिचे तास दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांना वाटून दिले होते आणि ते फळ्यावरच शिकवत होते. माझ्या छतावर आवाज नव्हता. मी पुस्तकं द्यायचो, घ्यायचो, शिक्के मारायचो. मुलं माझ्याशी हळू आवाजात बोलायची आणि पुस्तक घेऊन लवकर निघून जायची. पूर्वी त्यांना हळू बोला म्हणून सांगावं लागायचं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी जो तो आपापल्या हत्याराची पूजा करतो. दुकानात तराजू, शेतात ट्रॅक्टर, माझ्याकडं कपाटांच्या किल्ल्या आणि शिक्के, आणि वर लॅबमध्ये मशिनं. दरवर्षी ती आणि मावशी मिळून ही पूजा करायच्या, झेंडूच्या माळा लावायच्या आणि प्राचार्यांच्या हातून नारळ फोडून घ्यायच्या. या वर्षीही मला वर बोलावणं आलं. जावंसं वाटत नव्हतं, पण गेलो.

दार उघडं होतं. सगळी मशिनं पुसून लख्ख केलेली. प्रत्येकाच्या डोक्यावर मधोमध हळदीचं बोट आणि त्यावर कुंकू. रांगेनं, एकासारखं एक. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेलो. काय झालं आहे ते मला नारळ फुटल्यावर कळलं.

प्रसाद वाटून झाला, माणसं पांगली, तेव्हा मी मावशींना विचारलं, "मावशी, आधीची बोटं होती मशिनांवर, ती पुसली का?"

"पुसली की सर. शिळं कुकू ठिवत्यात व्हय देवाचं? वाळून पार पापुद्रे निघालते." त्या पदरानं हात पुसत उभ्या होत्या. "मॅडम असत्या तर दोघीनं केलं असतं. औंदा म्या एकलीनंच केलं. पर एक बी मशीन सुटलं न्हाई, बघा. त्यांच्या जिवाला बरं वाटंल."

"छान केलंत," मी म्हणालो.

दुसरं काय म्हणणार होतो? कुणी हात लावणार नाही, हा बायकोचा हिशेब बरोबर होता. हात लावणं ज्यांचं कामच, त्या बाईचा विचार तिनं केला नव्हता, कारण ती स्वतः तिथं असणार होती.

दसऱ्यानंतर प्राचार्यांनी बोलावलं. त्यांच्या घरात जमीन आहे आणि राजकारणही आहे. त्यामुळे ते शिक्षकांशीसुद्धा गावच्या बैठकीत बसल्यासारखे मोकळे बोलतात. समोरच्या खुर्चीवर बीडहून आलेला संगणक दुरुस्तीवाला बसला होता, तिशीतला, पायांशी स्क्रूड्रायव्हरची बॅग.

"बसा सर. दिवाळीनंतर टायपिंगच्या परीक्षेचं केंद्र आपल्याकडं हाय. लॅब चालू पायजे. मॅडमनं कोणतं मशीन कुठवर आणलंतं, काही ठावठिकाणा हाय का?"

"खुणा होत्या. पुसल्या गेल्या."

"कशानं?"

"पूजेत."

 प्राचार्य खुर्चीत मागं टेकले. "घ्या. म्हंजे देवानंच पुसलं म्हणा की."

दुरुस्तीवाला म्हणाला, "आता एकेक उघडून कोण बघत बसंल साहेब? कुठं अर्धं, कुठं पुरं, खामखा डोक्याला ताप. समद्यांना फॉरमॅट मारतो. सगळं साफ. वरून एकच विंडोज टाकतो. दोन दिवसांत लॅब तयार."

"बारावीच्या प्रात्यक्षिकांचं काय?" मी विचारलं. "त्यांना लिनक्स लागतं."

"दोन-चार जुनी मशिनं ठिवू की बाजूला," प्राचार्य म्हणाले. "पाळीपाळीनं बसतील पोरं. आधी बसतच होती ना?"

पोरं आधी तशी बसत होती हे खरं होतं. पोरं पुन्हा भिंतीला टेकून उभी राहणार होती, आणि तिनं श्रावणापासून केलेलं सगळं एका दुपारी पुसलं जाणार होतं. मी म्हणालो, "मी बघतो एकेक उघडून. जी राहिलीत ती मी पुरी करतो. दोन्ही राहू द्या."

"तुमी?" दुरुस्तीवाला हसला. "सर, पुस्तकाला कव्हर घालण्याइतकं सोपं न्हाई हां ते."

"तू गप बे," प्राचार्य त्याला म्हणाले. मग माझ्याकडं न बघता टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "दिवाळीच्या सुट्टीभर लॅब तुमची. कॉलेज उघडलं आणि एक जरी मशीन बंद दिसलं तर मी ह्याला बोलावणार. मंग मला बोल लावू नका, सर."

सुट्टी लागली. भावाचा फोन आला, दिवाळीला घरी ये. सासूबाईंनी पालीहून निरोप पाठवला, दोन दिवस येऊन राहा. दोघांनाही मी काम आहे म्हणून सांगितलं. ते खरं होतं आणि सोयीचंही होतं. पालीच्या घरात तिच्या लहानपणाच्या वस्तू अजून फडताळात आहेत. त्या बघत बसायची माझी तयारी नव्हती.

मी पुस्तकावरून शिकणारा माणूस. माझ्याच ग्रंथालयात या विषयाचं एक जाड पुस्तक होतं, तिनंच मागवून घेतलेलं. ते घेऊन मी सकाळी वर जायचो. तिच्या पर्समधला पेनड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात असायचा. धाकटी त्याच्यात होती. मशीन सुरू होताना एक कळ दाबायची असते, म्हणजे ते पेनड्राइव्हकडं बघतं. पहिल्या दिवशी मी चष्मा सावरून ती कळ शोधेपर्यंत मशीन पुढं निघून गेलेलं असायचं. पुन्हा बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं. शेवटी आधीच कळीवर बोट ठेवून दुसऱ्या हातानं बटण दाबायला शिकलो.

पण ते नंतरचं. आधी प्रत्येक मशीन उघडून बघायचं होतं.

मी दाराजवळच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिलं सरळ विंडोजमध्ये गेलं. म्हणजे राहिलेलं. दुसरं तसंच. तिसऱ्याचा पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरांत तिनं सांगितलेली पाटी आली, वर धाकटीचं नाव, खाली थोरलीचं. पाटी थोडा वेळ थांबते. तेवढ्यात आपण काही सांगितलं नाही तर ती आपणच वरच्या दारानं आत जाते. मी काही सांगितलं नाही. नुसता बघत राहिलो आणि ते उघडलं.

अशी सगळी बघितली. तिनं रांगेनं काम केलं नव्हतं. एखाद्या रांगेतली दोन झालेली, मधली सोडलेली, मग खिडकीखालची, मग एकदम मागच्या भिंतीची. एवढी वर्षं तिच्याबरोबर काढून तिच्या कामाची पद्धत मला ठाऊक होती असं मला वाटायचं. भांडी घासताना ती मोठी आधी घासायची, कपडे वाळत घालताना टोकापासून सुरू करायची. इथं कोणता क्रम होता? जिथं लाइटची जोडणी चांगली तिथं आधी, की जी पोरं कारखान्यावर जाणार त्यांच्या जागा आधी? मी पुष्कळ विचार केला. मला कळलं नाही. आणि विचारायची सोय नव्हती.

झालेल्या प्रत्येक मशीनवर मी दोन्ही बाजूंनी आत जाऊन बघत होतो. मागच्या भिंतीजवळच्या एकावर पाटी आली, धाकटी उघडली, सगळं ठीक. मग थोरली उघडली. मी दुपारचं जेवून वर आलो होतो आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ सकाळ दाखवत होतं.

मावशी तेवढ्यात झाडायला आल्या होत्या. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी बघितलं. त्यांना आकडे कळतात. "सर, ह्यो कावून सकाळ दावतोय? बिघडलं का वो?"

"बघतो," मी म्हणालो.

पुस्तकात ते होतं. मशीनच्या पोटात एक घड्याळ असतं, ते मशीन बंद असतानाही चालतं. थोरली त्यातली वेळ जशीच्या तशी वाचते. धाकटी समजते की ती विलायतेची वेळ आहे, आणि आपल्याकडची करायला त्यात साडेपाच तास मिळवते. म्हणून धाकटी आली की ती पोटातलं घड्याळ आपल्या समजुतीप्रमाणे मागं सारते, आणि मग थोरलीकडं गेलं की तिथं सकाळ असते. नेट चालू असेल तर ते पुढंमागं दुरुस्तही होतं, पण सुट्टीत लॅबचं नेट बंद होतं. यावर उपाय एका ओळीचा. धाकटीला एक आज्ञा द्यायची, की बाई, तूही थोरलीसारखंच वाच. हे काम अगदी शेवटी करायचं असतं, सगळं झाल्यावर.

तिनं केलेल्या बाकी सगळ्या मशिनांवर वेळ बरोबर होती. फक्त या एकावर ती ओळ द्यायची राहिली होती.

म्हणजे त्या गुरुवारी ती इथं बसली होती. धाकटी बसवून झाली होती, पाटी लागली होती. एक ओळ राहिली असताना ती उठली. घंटा झाली असेल, किंवा पाठीत दुखायला लागलं असेल. दोन्हींपैकी काय ते आता कुणीच सांगू शकणार नाही. मी त्या खुर्चीवर बसलो. खुर्ची तिच्या उंचीप्रमाणे खाली केलेली होती. माझे गुडघे टेबलाला लागले. मावशी झाडून पुढं गेल्या आणि मी तसाच बसून राहिलो.

त्या मशीनला मी काही केलं नाही. बंद केलं आणि दुसऱ्याकडं वळलो.

पुढचे दिवस सारखेच गेले. सकाळी वर जायचं, थोरलीला जागा रिकामी करायला सांगायचं. ती कुरकुरायची, पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढं सरकायची. मग पेनड्राइव्ह. एका जागी मशीन विचारतं, जोडीनं टाकू की सगळं पुसून टाकू. दोन ओळी एकाखाली एक. तिथं मी दर वेळी थांबायचो, बोट माऊसवरून काढून घ्यायचो, मोठ्यानं वाचायचो आणि मग निवडायचो. रिकाम्या लॅबमध्ये माझाच आवाज मला ऐकू यायचा. एकदा काम अर्ध्यावर असताना लाइट गेली. इन्व्हर्टरनं थोडा वेळ धरलं आणि सोडलं. त्या मशीनचं पहिल्यापासून करावं लागलं. एकदा मी थोरलीला नीट बंद न करताच पुढं गेलो, तर धाकटी जागा घेईना. तिनं याला काय म्हटलं असतं ते मला लगेच सुचलं. ते ऐकायला कुणी नव्हतं.

दिवाळीच्या दिवसांत खाली रस्त्यानं ट्रका जात होत्या, वर माणसं, भांडी, गाद्या. मावशींना कापूस वेचायला जायचं असायचं, तरी त्या सकाळी कुलूप उघडून जायच्या. एकदा त्यांनी डब्यात चकल्या आणल्या.

"तुमच्या घरी औंदा तळण न्हाई. म्हाईत हाय मला. खावा."

"मावशी, तुमच्या लेकरांना ठेवा."

"लेकरं गेली की कारखान्यावर. कुणासाठी ठिवू?" त्या दारातच बसल्या. मीही खुर्ची वळवून बसलो. आम्ही दोघांनी चकल्या खाल्ल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम लई बोलायच्या. दिसभर. मला वाटायचं, ही बाई गप कधी बसंल." मग त्या उठून वेचणीला गेल्या.

पुसलेल्या खुणांचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी ती पूजा तिच्यासाठीच केली होती.

सुट्टी संपायच्या आधी प्राचार्यांनी दुरुस्तीवाल्याला तपासायला पाठवलं. मी त्याच्या मागं मागं फिरत होतो, परीक्षकाच्या मागं विद्यार्थी फिरावा तसा. त्यानं सगळी मशिनं उघडली. प्रत्येक बंद करून, चालू करून, दोन्ही बाजूंनी आत जाऊन बघितलं. एका मशीनवर त्यानं माझी चूक दाखवली, मी धाकटीला फार थोडी जागा दिली होती. "चालंल, पण पुढच्या वर्षी अडंल," तो म्हणाला आणि ती वाढवून दिली. शेवटी तो मागच्या भिंतीजवळ पोहोचला.

"सर, जमलंय की. फक्त ह्या एकाचा टाइम मागं हाय. परीक्षेच्या दिवशी सॉफ्टवेअर टाइम बघतंय. इथं उघडणारच न्हाई ते."

"माहीत आहे."

"मंग ठिवलं कावून तसं? एका ओळीचं काम हाय. मी करू?"

"नको. मी करतो."

 त्यानं काय ओळखलं कुणास ठाऊक, बॅग उचलून म्हणाला, "मी खाली च्या घेतो. या तुमी सावकाश."

मी बसलो. या मशीनवर कोणातरी मुलीची किंवा मुलाची परीक्षा होती. दसऱ्यानंतर गेलेलं एखादं पोर तेवढ्यासाठी कारखान्यावरून परत येऊन इथंच बसणार होतं. याला असंच ठेवून मी काय राखलं असतं? तरीही हात पुढं होईना. जोवर ते घड्याळ मागं होतं तोवर तिचं काम चालू होतं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. शिकलेल्या माणसानं असं मानू नये, पण मी सुट्टीभर ते मानत आलो होतो.

मी पाटीवरचं वरचं दार निवडलं. आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली. पुस्तकात बघून ती ओळ अक्षर न् अक्षर लिहिली, दोनदा तपासली आणि एंटर दाबलं. काही झालं नाही, पडदा तसाच. अशी आज्ञा बरोबर असली की मशीन काहीच बोलत नाही, हे मी तोवर शिकलो होतो. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, कोपऱ्यातली वेळ नीट केली आणि खात्रीसाठी दोन्हींकडून एकेक फेरी मारली. दोन्हीकडं दुपार होती. खाली जाऊन दुरुस्तीवाल्याबरोबर चहा घेतला. त्यानं तिच्याबद्दल काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

टायपिंगची परीक्षा पार पडली. फेब्रुवारीत बारावीची प्रात्यक्षिकं झाली आणि भिंतीला टेकून कुणी उभं राहिलं नाही. जूनमध्ये लॅबला नवीन मॅडम आल्या. त्या चांगलं शिकवतात.

लॅबमधल्या सगळ्या मशिनांवर आता दोन्ही प्रणाली चालतात. त्यातली तिनं केलेली कोणती आणि मी केलेली कोणती, हे बघून सांगता येत नाही. मी खाली ग्रंथालयात असतो. संध्याकाळी घरी जातो, कुलूप काढतो आणि एकाचा स्वयंपाक करतो.